वाघाच्या मिशांचा दोरा

माझी नात दोन महिन्यांची असताना एका सकाळी रडायला लागली आणि थांबेचना. त्या रडण्याचं कारण मी होते. हे कळेपर्यंत दुपार झाली, आणि त्यानंतरचे दोन दिवस मी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. नवरा गेला तेव्हासुद्धा नाही. तेव्हा निदान रडता आलं होतं.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. साड्यांना फॉल-पिको करून देते, ब्लाउज शिवते. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागं स्वयंपाकघर, वर एक खोली. एकुलती एक मुलगी चंदगडला दिली आहे. जावई गोव्यात एका कारखान्यात आहेत, सुट्टीला घरी येतात. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आली, इथंच बाळंत झाली आणि तीन महिने राहायची होती.

क्रोशाची सुई मी लग्नाआधीपासून धरते आहे. तेव्हा आम्ही रुमालांच्या कडा आणि टेबलावरची आच्छादनं विणायचो. मग संसारात ती सुई कुठं गेली कळलंही नाही. नवरा गेल्यावर घर अंगावर यायला लागलं, तेव्हा मुलीनं मोबाइलवर व्हिडिओ बघायला शिकवलं. त्यात एक बाई बाळाचे लोकरीचे बूट विणत होती. पुढं सशाचं तोंड, वर दोन लांब कान. मी चष्मा लावून तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेन देव जाणे. आठ दिवसांत तसा जोड तयार केला आणि गल्लीतल्या एका बाळंतिणीला नेऊन दिला. तिच्या घरात सगळ्यांनी तो हातोहाती फिरवला. एवढं कौतुक मला कधी ब्लाउजचंही मिळालं नव्हतं.

त्यानंतर मला नादच लागला. अस्वल केलं, सोंड लोंबणारा हत्ती केला, बेडूक केला, घुबड केलं. तळव्यापासून सुरुवात करायची, साखळी घालायची, तिच्याभोवती बारीक घट्ट टाक्यांचे फेरे घ्यायचे आणि पुढं बोटांपाशी टाके कमी करत आणायचे. प्राण्याचं तोंड नेहमी पुढं, बोटांवर येतं. डोळे, नाक, मिशा मी सुईदोऱ्यानं भरायची. मणी किंवा बटण कधी लावलं नाही. बाळ पाय तोंडात घालतं, निसटलं आणि गिळलं तर? एवढी अक्कल मला होती.

पण भरतकाम म्हटलं की मागच्या बाजूला दोरे येतातच. इथून तिथं गेलेला दोरा आत मोकळा राहतो. ते झाकायला मी ब्लाउजच्या उरलेल्या मलमलीचं अस्तर आतून लावायची. दरवेळी मात्र नाही. हातात काम जास्त असलं की तसंच द्यायची. आतून कोण बघतंय?

बारशाच्या आधी जावई आले होते. मी नातीसाठी सशाचे बूट विणायला घेतलेले बघून हसले.

“आमच्या चंदगडला सशाला कोण विचारतंय मामी? वाघ करा की. आमच्याकडं वाघ दिसतोय अधनंमधनं.”

म्हणून मी वाघ केला. पिवळसर केशरी लोकर, त्यावर काळे पट्टे, पांढरे गाल, आणि गालांवर मिशा. मिशांना लोकर जाड वाटली म्हणून मशीनचा काळा दोरा घेतला. तो बारीक असतो आणि मजबूत. लग्नसराईचे ब्लाउज डोक्यावर होते, बारसं तीन दिवसांवर. अस्तर राहिलं. मी बोट घालून बघितलं, मऊ लागलं. म्हटलं, चालतंय.

बारशाला त्या बुटांचे फोटो नातीपेक्षा जास्त निघाले. फक्त विहीणबाईंनी, म्हणजे जावयांच्या आईंनी, एक बूट हातात घेऊन उलटासुलटा केला आणि सरळ सांगितलं, “वाघ देखणा हाय. पर पोरीचं पाय मोकळं बरं. असलं बांधून कशाला ठेवायचं?” त्या शेतात राबलेल्या, मोठ्यानं आणि तोंडावर बोलणाऱ्या. मला राग आला. मी हसून बूट त्यांच्या हातातून घेतला.

बाळ रडायला लागलं त्याच्या आदल्या संध्याकाळी गार वारा सुटला होता. जानेवारीत कोल्हापुरात दोन-चार दिवस असे येतात. मी बाळाला झबलं घातलं, टोपडं बांधलं आणि वाघाचे बूट चढवले.

मुलगी म्हणाली, “आई, झोपवताना काढ ते.”

मी म्हटलं, “राहू देत गं. पाय गार पडले की पोट दुखतं बाळाचं.”

तिनं बूट तसेच राहू दिले. बाळंतिणीनं आईचं ऐकायचं असतं, आणि मला आपलंच खरं करायची सवय होती.

सकाळी गारठा जास्त वाटला म्हणून अंघोळ दुपारवर ढकलली. आठच्या सुमारास बाळ रडायला लागलं. आधी भुकेचं वाटलं. मुलीनं पाजायला घेतलं तर ते तोंड फिरवायला लागलं. मग पोट दुखत असेल म्हणून मी हिंग कालवून बेंबीभोवती लावला, तव्यावर फडकं गरम करून शेकलं. दुपटं बदललं. कान दुखतो का म्हणून कानाला हात लावून बघितला. रडणं वाढतच गेलं. ते रोजचं रडणं नव्हतं. एका सुरात, उंच, आणि मधेच श्वास अडकून चेहरा काळानिळा व्हायचा. त्या अडकलेल्या श्वासाला आमचाही श्वास थांबायचा. मग पुन्हा सुरू.

शेजारच्या काकी आल्या. म्हणाल्या, “दृष्ट लागली. फोटो किती काढले बारशाला.” मी मीठ-मोहरी घेऊन उतरवली. चुलीवर टाकल्यावर वास आला नाही, म्हणजे दृष्टच, असं काकी म्हणाल्या आणि मी पुन्हा उतरवली. माझा या गोष्टींवर तसा विश्वास नाही, पण त्या सकाळी कशावरही बसला असता.

दोन तास मी बाळाला खांद्यावर घेऊन पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत फिरत होते. ते पाय झाडत होतं आणि प्रत्येक वेळी पाय झाडला की बूट माझ्या पोटाला लागत होता. तो बूट काढून बघावा असं मला एकदाही वाटलं नाही.

अकराला मुलगी म्हणाली, “बस झालं आई. डॉक्टरकडं जाऊ.” तिच्या आवाजात रडू होतं. आम्ही रिक्षा केली. रिक्षावाला मागं वळून बघत होता. म्हणाला, “मावशी, घट्ट धरा, मी पळवतो.” वाटेत बाळ अचानक गप्प झालं. मुलगी ओरडली, “आई, बघ, बघ की!” मी छातीला कान लावला. चालू होतं. दमलं होतं फक्त. मिनिटभरात पुन्हा रडायला लागलं आणि त्या रडण्यानं मला बरं वाटलं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, शांत. त्यांनी कान बघितले, घसा बघितला, पोट दाबलं. मग म्हणाल्या, “सगळे कपडे काढा. अगदी सगळे.”

मुलीनं टोपडं काढलं, झबलं काढलं, लंगोट सोडला. बूट मी काढायला घेतले. उजवा सहज निघाला. डावा ओढला तर बाळानं असा काही टाहो फोडला की बाहेर बसलेल्या बायका उठून दाराशी आल्या.

“थांबा! ओढू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी कात्री घेतली आणि बूट बाजूनं कापत आणला. वाघाचा एक गाल उलगडला. आत बाळाचा पाय होता. करंगळीशेजारचं बोट जांभळासारखं झालेलं, टम्म फुगलेलं, आणि त्याच्या बुडाशी एक खोल खाच. खाचेत काही दिसत नव्हतं. पण खाचेतून एक काळा दोरा निघून बुटाच्या आत जात होता.

मी तो दोरा ओळखला. माझ्याच मशीनचा.

 मी टेबलाच्या कडेला धरलं. मुलगी विचारत होती, “काय आहे? काय आहे ते?” डॉक्टरीणबाई तिला हळू आवाजात सांगत होत्या, की कधी कधी केस किंवा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो, बाळ जेवढं पाय हलवेल तेवढा आवळत जातो, रक्त थांबतं. “चांगलं झालं आणलंत. हे बऱ्याचदा कळतच नाही. लोक पोटदुखी समजून बसतात.”

मग त्या माझ्याकडं वळल्या. “आजी, कधीपासून आहेत हे पायात?”

“काल संध्याकाळपासून,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मुलीनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

त्यांनी बोट बधिर करायचं औषध लावलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बारीक कात्रीनं दोरा कापायला घेतला. सूज इतकी होती की कात्रीचं टोक शिरायला जागा नव्हती. मी बाळाचे हात धरले होते, मुलीनं मांड्या. किती वेळ गेला सांगता येणार नाही. एक वेढा निघाला, मग दुसरा. मग त्या म्हणाल्या, “मला वाटतं अजून एक आत आहे. इथं जबरदस्ती नको. मोठ्या दवाखान्यात सर्जनना दाखवू, मी फोन करते. आत्ता निघा.”

“बोट राहील ना?” मुलीनं विचारलं.

“बघू. रक्त फिरायला लागलं तर राहील.”

ते ‘बघू’ माझ्या कानात दिवसभर वाजत राहिलं.

मोठ्या दवाखान्यात सर्जननी बाळाला आत नेलं. आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. अर्ध्या तासानं बाळ परत आलं तेव्हा पायाला पट्टी होती, फक्त बोटांची टोकं उघडी. शेवटचा वेढा निघाला होता. ते बोट अजून जांभळंच. सर्जन म्हणाले, “उद्या सकाळपर्यंत थांबावं लागेल. रंग बदलायला लागला तर उत्तम. काळं पडायला लागलं तर मग विचार करू.” कसला विचार ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

बाळ दूध पिऊन झोपलं. सकाळपासून पहिल्यांदा. वॉर्डात एकदम शांतता झाली. मुलगी त्या एका बोटाकडं टक लावून बसली होती. मी कॉटच्या दुसऱ्या बाजूला.  ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

आणि मग मला आठवलं. बाकीचे जोड.

मी आजवर किती जणांना दिले होते? बोटांवर मोजायला लागले. ससा गल्लीत, अस्वल कोपऱ्यावरच्या घरात, हत्ती मागच्या बोळात, बेडूक माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या सुनेला, घुबड इचलकरंजीला गेलेलं. कशाला अस्तर लावलं होतं, कशाला नव्हतं, काही केल्या आठवेना. सशाला लावलं होतं बहुतेक. हत्तीला? बेडकाला? गारठा सगळ्या गावात पडला होता. ज्यांच्या घरी बाळ होतं त्यांनी बूट कपाटातून काढलेच असणार. माझ्या डोळ्यांपुढं पाच घरांतली पाच बाळं रडायला लागली आणि पाच आज्या हिंग कालवायला बसल्या.

मी उठले.

“कुठं चाललीस?” मुलीनं विचारलं.

“जाऊन येते जरा.”

“आत्ता? आई, मला एकटीला इथं सोडून तू चाललीस? आत्ता?” सकाळपासूनचं सगळं तिच्या आवाजात आलं. शेजारच्या कॉटवरची बाई बघायला लागली.

मी म्हटलं, “बाकीच्या बाळांच्या पायांत पण असेल. मी दिलेले.”

 मग तिचा चेहरा बदलला. “जा,” ती म्हणाली. “पळ. आधी जा तू.”

मी रिक्षानं पेठेत आले. सशाच्या घरी आधी गेले. ते बाळ आता दोन वर्षांचं, बूट बाहुलीच्या पायांत होते. मी उलटे केले. आत अस्तर होतं. कोपऱ्यावरच्या घरी अस्वल सापडेचना. सासूनं सांगितलं की नणंदेच्या मुलाला दिलं, तोही आता चालायला लागला, त्याच्या पायात बसत नाही. तरी मी नणंदेला फोन लावायला लावला. ती हसायला लागली. “एवढं काय त्यात मावशी?” मी सांगितलं. मग ती हसायची थांबली.

मागच्या बोळातल्या घरात पोचले तेव्हा दार लोटलेलं होतं. घरची सून ओट्याशी भांडी लावत होती. पाळणा हलत होता. चार महिन्यांचा मुलगा त्यात झोपलेला, पांघरुणाबाहेर दोन पाय. पायांत हत्ती. निळे हत्ती, सोंडा लोंबत होत्या.

मी काही न विचारता पाळण्यात हात घातला.

“अहो मावशी! आत्ता झोपलाय तो!”

मी ऐकलं नाही. ओढायचं नाही एवढं डोक्यात होतं. पेठेत आल्या आल्या घरातून कात्री मी पर्समध्ये टाकून आणली होती. मी उजव्या हत्तीला कात्री लावली तेव्हा तिनं माझा हात धरला. “मावशी, काय करताय तुम्ही? वेड लागलंय का?” बाळ जागं होऊन रडायला लागलं. ते रडणं ऐकून मलाही रडू फुटलं, आणि रडत रडत मी दोन्ही बूट कापून काढले. दहाच्या दहा बोटं मोजली. गुलाबी. मी प्रत्येक बोटाच्या खोबणीत बघितलं, मग पुन्हा बघितलं.

मग हत्ती उलटा केला. अस्तर नव्हतं. डोळ्यामागचा दोरा आत सुटून त्याचा एक फासा झाला होता. माझी करंगळी त्यात आरामात गेली. मी ओढली तर तो आवळला.

मी ते त्या सुनेला दाखवलं. आधी ती काही समजली नाही. मी माझ्या नातीचं सांगितलं. तिनं मुलाला पाळण्यातून उचललं आणि छातीशी धरलं. मला म्हणाली, “तुम्ही जावा आता.” रागानं नव्हे. पण मी तिथं थांबू नये असं तिला वाटत होतं, ते मला कळलं. मी बाहेर पडले.

बेडकाच्या घरी मी फोन केला. जुन्या गिऱ्हाइकानं फोन चालू ठेवूनच जाऊन बूट काढले, बोटं बघितली, आणि मला तीनदा सांगितलं की सगळं ठीक आहे. तरी मी म्हटलं, “पुन्हा बघा.”

राहिलं घुबड. ते इचलकरंजीच्या एका बाईला दिलं होतं. तिचा नवरा बिहारकडचा, यंत्रमागावर कामाला. ती बहिणीकडं आली असताना साडी पिकोला घेऊन आली होती, पोटुशी होती, आणि मला ती आवडली म्हणून मी तिला जोड दिला होता. फॉल-पिकोच्या वहीत तिनं दिलेला नवऱ्याचा नंबर होता. घरी येऊन मी तो लावला. त्यानंच उचलला. मागून यंत्रमागांचा असा खडखडाट, की पत्र्यावर कुणी दगड ओतत असावं.

“हॅलो! बूट काढा! बच्चे का जूता निकालो!” मी ओरडले.

“कौन?”

“कोल्हापूर से! बच्चे का जूता! उल्लू!”

“क्या बोला? उल्लू किसको बोला?”

मी खिडकीशी उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत होते. त्याला काही ऐकू येत नव्हतं. फोन कट झाला. पुन्हा लावला, उचलला नाही. सात-आठ वेळा लावला. इचलकरंजीला बस पकडून जावं का? पण पत्ता कुठं होता? शेवटी मी मशीनच्या स्टुलावर बसले आणि तो फोन समोर ठेवून त्याच्याकडं बघत राहिले.  त्या खोलीत सगळीकडं दोऱ्यांची रिळं होती. मला ती बघवेनात.

पाऊण तासानं फोन वाजला. त्याची बायकोच. तो पाळी संपवून घरी गेला होता आणि तिला म्हणाला होता, की कोल्हापूरची कुणी बाई मला घुबड म्हणून शिव्या देते. तिला मी मराठीत हळूहळू सांगितलं. ती म्हणाली, “मावशी, ते तर देवाजवळ ठेवलेत मी. इतके छान, घालून खराब होतील म्हणून घातलेच नाहीत.” मी फोन ठेवला आणि तिथंच फरशीवर बसले.

दवाखान्यात परत गेले तेव्हा मुलीनं एवढंच विचारलं, “सगळी बरी आहेत?” मी मान हलवली. ती म्हणाली, “बस. चहा पी.” बोट होतं तसंच होतं. ती रात्र आम्ही आळीपाळीनं त्याच्याकडं बघत काढली.

सकाळी पहिल्या एसटीनं विहीणबाई आल्या. मला त्यांची भीती सर्जनपेक्षा जास्त वाटत होती. दारातून त्या सरळ कॉटशी आल्या, पिशवी खाली ठेवली, पदरानं हात पुसले आणि बाळाचा पाय ओंजळीत धरला. मी समोर उभी राहिले. मनात म्हटलं, कुणी दुसऱ्यानं सांगण्याआधी आपणच सांगावं.

“विहीणबाई, माझ्यामुळं झालं हे. मी आत अस्तर लावलं नाही. पोरगी काढ म्हणत होती, मी काढू दिले नाहीत.”

त्यांनी वर बघितलं. “व्हय,” त्या म्हणाल्या. “तुमचीच चूक हाय.”

मी मान खाली घातली. बारशाला काय म्हणाल्या होत्या ते आता काढतील म्हणून वाट बघत राहिले.

त्यांनी ते काढलं नाही. बाजूच्या स्टुलाकडं हात केला. “बसा की. उभ्या का? माझ्या हातनं हिच्या बापाच्या पायावर उकळतं पाणी सांडलंतं. तीन वर्साचा हुता. अजून डाग हाय, बघितला न्हाय तुम्ही? मी आठ दिस जेवले न्हाय. काय उपेग झाला? पोराला कोण बघायचं मग?” मग मुलीकडं वळून, “तू खाल्लंस का न्हाय? भाकरी आणलीया.”

मुलगी पहिल्यांदा रडली. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून. माझ्या नाही. मला ते लागलं, पण त्या वेळी ते बरोबरच होतं.

दहाला सर्जन आले. त्यांनी पट्टी सोडली. बोट अजून सुजलेलं, पण जांभळा रंग कडेनं उतरून लालसर झाला होता. त्यांनी बोटाचं टोक चिमटीत दाबलं. ते पांढरं झालं. सोडलं. आम्ही तिघी वाकून बघत होतो. क्षणभर ते पांढरंच राहिलं. मग हळूहळू गुलाबी होत गेलं.

“रक्त येतंय,” सर्जन म्हणाले. “राहील बोट.”

विहीणबाईंनी मोठ्यानं देवाचं नाव घेऊन हात जोडले. मी बसायला जागा शोधत होते, आणि आधीच स्टुलावर बसले होते ते मला कळत नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस त्या बोटाची कातडी सोलून निघाली. खाचेच्या जागी एक बारीक गोल रेघ राहिली. दुसरं काही झालं नाही. पण मुलगी बाळाला कपडे घालायला मला देईना. तोंडानं कधी काही म्हणाली नाही. मी झबलं हातात घेतलं की ती म्हणायची, “असू दे आई, मी घालते,” आणि घेऊन आतली बाजू बाहेर काढून खिडकीच्या उजेडात बघायची. मी स्वयंपाकघरात जायची. ठरलेले तीन महिने व्हायच्या आधी आठ दिवस ती सासरी गेली. मी अडवलं नाही.

मागच्या बोळातली ती सून पुढं वर्षभर माझ्याकडं ब्लाउज घेऊन आली नाही. कुणी बुटांचं विचारलं तर मी आता डोळ्यांना दिसत नाही म्हणून सांगायची. सुई, लोकर सगळं एका पिशवीत घालून वरच्या खोलीत ठेवलं होतं.

पुढची दिवाळी झाल्यावर एक दिवस मुलीचा चंदगडहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. बाळ आता चालतं, धरलं की निसटतं, शेणात पाय घालतं, असं सगळं. मग म्हणाली, “आई, इकडं थंडी फार आहे गं. तिला एक टोपडं विणून पाठवशील?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “टोपडं?”

“हं. कान झाकणारं. साधं. तोंड-बिंड नको.”

मी ते तीन दिवसांत विणलं. एकाच रंगात. शेवटचा दोरा आत किती वेळा घेऊन टाक्यांत मुरवला आणि टोपडं किती वेळा उलटं करून सगळीकडं बोट फिरवलं, ते माझं मला माहीत. आतून मलमलीचं अस्तर लावलं. लावून झाल्यावर ते उसवलं, त्याचा एक टाका सैल वाटला म्हणून, आणि पुन्हा लावलं. चंदगडच्या एसटीत कंडक्टरकडं पिशवी देताना परत एकदा बाहेर काढून बघितलं. कंडक्टर म्हणाला, “काय हुडकताय मावशी?”

संध्याकाळी मुलीचा फोन आला. “पोचलं टोपडं. घातलं पण तिला.”

“बरोबर बसलं?”

“बसलं.” मग म्हणाली, “आई, मी उलटं करून बघितलं आधी. सगळीकडनं बघितलं.”

“बरं केलंस,” मी म्हटलं. “रोज बघत जा.”